कडी लावलीय ना!

बिनतारीकाकांना रेडिओतलं सगळं कळतं, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मुख्यतः काका स्वतः!

आयुष्यभर टेलिफोन खात्यात तारा जोडल्या आणि निवृत्त झाल्यावर हवेतून लोकांशी गप्पा मारायला वरच्या खोलीत हौशी रेडिओचं केंद्र थाटलं. सेट जुन्या धाटणीचा, पण आवाज खणखणीत. इतका, की काका वर माइकमध्ये बोलले की खाली काकूंच्या स्पीकरमधून तेच ऐकू यायचं.

काकूंचा स्पीकर गाण्याच्या रियाजासाठी होता. बावन्नाव्या वर्षी त्यांनी गाण्याचा क्लास लावला होता आणि आता वार्षिक कार्यक्रमात एकटीनं गायची संधी दाराशी आली होती. शनिवारी दुपारी क्लासच्या बाई सहा मैत्रिणींना घेऊन घरी ऐकायला येणार आणि तिथेच ठरवणार होत्या.

"अहो, शनिवारी दोन तास तेवढा सेट बंद ठेवाल का?"

"कशाला? कडी लावलीय ना!"

काकूंनी दाराकडे पाहिलं.

"ती कडी नव्हे गं! फेराइटची. स्पीकरच्या वायरीवर बसवली. बाहेरच्या लहरी आता तिथेच अडणार. एक शब्द फुटायचा नाही!"

खरं तर या काळ्या कड्या दिसायला सगळ्या सारख्या, पण पोटातला मसाला वेगवेगळा. कुणी वरच्या फ्रिक्वेन्सीला अडवते, कुणी खालच्या. काकांचा रेडिओमित्र दंतवैद्य. त्यानं हवेतून बजावलंही होतं, "कुठल्या जातीची आहे ते बघा. आपल्यासाठी खालच्या फ्रिक्वेन्सीची हवी, आणि वायरीचे पाचसात वेढे घ्या तिच्यातून!"

"काळी कडी ती काळी कडी!" म्हणून काकांनी डब्यातली सगळ्यात छान 'खट्ट' वाजणारी कडी निवडली. शिवाय चाचणी घेतली ती हातातल्या वॉकीटॉकीवर. तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा. स्पीकरमधली त्याची खरखर थांबली. मोठा सेट चालतो खालच्या फ्रिक्वेन्सीवर, हे काकांना पाठ होतं. पण आत्मविश्वास एकदा चढला की पाठ केलेलं आठवतं कुणाला!

शनिवार आला. काकू गायल्या. घाबरत सुरू केलं, पण मग सूर लागला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, बाईंनी चष्मा काढला आणि निकाल सांगायला तोंड उघडलं.

नेमकं तेव्हाच वर सेटवरून दंतवैद्यानं विचारलं, "खाली गाणं चाललंय वाटतं? कशा गातात हो वहिनी?"

प्रश्न वरच राहिला. उत्तर मात्र खाली आलं!

"खरं सांगू?" स्पीकर म्हणाला. "वरच्या सुराला गेली की आवाज फाटतो तिचा. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा!"

पाच जणी सतरंजीकडे बघू लागल्या. सहावीनं बाईंकडे पाहिलं. बाई पुटपुटल्या, "मी नाही बोलले हो!"

"आणि तिच्या त्या बाई!" स्पीकर रंगात आला. "त्या तर बोलतानासुद्धा बेसूर!"

काकूंनी उठून प्लग खेचला.

वर काका बोलतच होते. "पण एक सांगतो डॉक्टर, ती गायला लागली की मी सेट बारीक करतो. फाटका तर फाटका, पण त्या आवाजात जीव आहे. या वयात चार लोकांसमोर उभं राहायला छाती लागते. मला जमलं नसतं."

"हे त्यांना सांगितलंत का?"

"छे! उगाच कशाला!"

गप्पा आटोपून काका हसतमुखानं खाली आले, तेव्हा मंडळी चपला घालत होती.

"कसं झालं? कडीनं काम केलं ना?"

"अगदी!" बाई म्हणाल्या. "एकही शब्द वाया गेला नाही."

काका भिंतीला टेकले. काकूंचा चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की रडू फुटेल असं वाटलं. त्याच संध्याकाळी काकूंनी बाईंना फोन करून कार्यक्रमातून नाव काढून घेतलं.

पुढचे तीन दिवस काका कड्यांवर तुटून पडले. योग्य जातीची आणली, सात वेढे घेतले, मोठ्या सेटवर तासभर बोलून पाहिलं. स्पीकर मुका! पण काकूही रियाजाला बसत नव्हत्या. दुरुस्ती अशी फुकट गेलेली काकांनी कधी पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "अगं, तू पुढचं ऐकलंच नाहीस. प्लग काढलास ना, त्यानंतर मी चांगलं बोललो होतो. डॉक्टरला विचार हवं तर!"

"डॉक्टरांना सांगितलंत," काकू म्हणाल्या. "मला कधी सांगितलंत? आपण दोघं एकाच घरात राहतो. मधे कुठली वायर होती?"

काका खिशातली कडी काढून 'खट्ट' वाजवू लागले.

"सांगा की आता. मी ऐकतेय."

शंभर अनोळखी माणसांशी हवेतून बोलणारे काका, हातात माइक नाही म्हणून अडखळले. शेवटी हौशी रेडिओवाला दुसऱ्याच्या आवाजाला देतो ती सगळ्यात मोठी दाद त्यांच्या तोंडून निघाली. स्पष्टपणा पाच, ताकद नऊ, याच्या वर काही नाहीच!

"तुझा आवाज ना... पाच-नऊ!" ते गहिवरून म्हणाले.

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"नऊपैकी पाच?"

"अगं नाही, तसं नाही, म्हणजे पाच हे..." काका समजावू लागले. तोवर काकू स्वयंपाकघरात पोचल्या होत्या आणि मिक्सर सुरू झाला होता.