मागची खोली

गोपाळरावांची नोकरी रुपरावांच्या पसंतीवर लटकली होती. अठ्ठ्याऐंशी साली आर्किटेक्ट साहेबांनी धंतोलीतल्या कचेरीत घराचे चित्र पडद्यावर उभे करणारा कॉम्प्युटर आणला आणि गोपाळरावांना बजावले, की यंत्रावरचे पहिले घर पसंत पडले तर तुम्ही राहाल, नाहीतर पुण्याहून शिकलेला माणूस येईल. उभी हयात ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढलेल्या गोपाळरावांनी मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत यंत्राशी झटापट केली.

पहिले घर सक्करदऱ्याचे. कळमन्यातले धान्याचे व्यापारी रुपराव आणि त्यांचा धाकटा भाऊ देवाजी एकत्र बांधणार होते. अट एकच: दोघांच्या खोल्या तंतोतंत सारख्या. दोघे बायकांना घेऊन आले, चपला बाहेर काढून यंत्रासाठी गार ठेवलेल्या खोलीत बसले. हिरव्या रेघांचे घर पडद्यावर उमटले तेव्हा रुपरावांच्या वच्छलाबाईंनी नकळत हात जोडले.

देवाजीच्या प्रेमिलाबाईंनी मात्र जोडले नाहीत. आमची खोली काहून लहान दिसून राहिली, असे त्यांनी विचारले. खोल्या सारख्याच आहेत, तुमची मागे, लांब अंतरावर आहे म्हणून लहान दिसते, असे गोपाळरावांनी समजावले.

"मंग आमीच काहून लांब?"

गोपाळरावांनी घर फिरवून मागच्या बाजूने दाखवले. आता प्रेमिलाबाईंची खोली फुगली.

"तू तोंड उघडलं अन् माही खोली आटली वं, प्रेमिले," वच्छलाबाई म्हणाल्या.

देवाजीला लहानपणापासून मिळालेल्या सगळ्या धाकट्या वाट्यांची आठवण झाली आणि त्याने ती सविस्तर सांगितली. तंटा मिटावा म्हणून गोपाळरावांनी मागची खोली जराशी रुंद केली. समोरून ती सारखी दिसू लागली, मागून मात्र गोदामासारखी. मग पुढची वाढवली. मग स्वयंपाकघर घरापुढच्या ओट्यावर आले आणि जिना शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये उतरला. संध्याकाळी भाऊ दोन वेगळ्या रिक्षांतून घरी गेले.

गोपाळरावांना पुण्याची गाडी स्टेशनात शिरताना दिसू लागली. दुसऱ्या दिवशी रुपराव एकटेच आले.

"गोपाळराव, तुमी हातानंच काढा गा. आमच्या बाबाचं घर निळ्या कागदावरून झालं. कोणाले काही समजलं नाही, म्हणून कोणी भांडलं नाही. देवाजीले फक्त मशीननं काढलं म्हणून सांगा."

गिऱ्हाईक टिकत होते आणि नाव यंत्राचेच होणार होते, तेव्हा साहेबांचीही हरकत नव्हती; सही झाली की गोपाळरावांची नोकरी पक्की. गोपाळरावांनी यंत्रावरचा पहिलाच आराखडा हाताने काढला, खोल्या होत्या तेवढ्याच ठेवल्या. पुन्हा चौघे आले. बायकांनी कागदाकडे पाहून गंभीरपणे माना हलवल्या. देवाजीने तो उलटा धरून पुष्कळ वेळ न्याहाळला.

"आता कशा बरोबर झाल्या खोल्या," तो म्हणाला. "मशीन ते मशीन."

आणि त्याने तशीच उलटी सही ठोकली. गोपाळरावांनी सहीची शाई वाळेपर्यंत कागदाला हात लावला नाही.