काटा वीसवर होता

मुलांनो, तुमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे कोण लावून ठेवतं, सांगा पाहू? आई? मग तिलाही बोलवा. ही गोष्ट तिनंही ऐकायला हवी.

एका जंगलात एक जीप होती. सगळ्या जंगलात मिळून एकच. ती दगडोबा अस्वल चालवायचा. दर बाजाराच्या दिवशी तो प्राण्यांना टेकडीपलीकडच्या नदीकाठी घेऊन जायचा.

दगडोबाला दुसरं काही जमत नसे. मध काढायला गेला तर माश्या डसायच्या. मासे धरायला गेला तर पडसं व्हायचं. पण स्टिअरिंग हातात आलं की दगडोबाचा दगडोबाराव व्हायचा.

टेकडीवर एक अवघड वळण होतं. वळणाखाली चिखलाचं मोठं डबकं होतं. म्हणून तिथं पाटी लावली होती : 'वेग वीस'. दगडोबा काटा बरोबर वीसवर आणायचा आणि अलगद वळण घ्यायचा.

एकदा सरपंच आबाजी गवा शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. परत आले ते फुरंगटूनच.

"त्यांच्या जीपची चाकं माझ्या छातीला लागतात," आबाजी म्हणाले. "आणि आपल्या जीपची? गुडघ्याला! जंगलाची काही अब्रू आहे की नाही?"

लगेच मोठी चाकं आली. त्यांना हळदकुंकू लागलं. नारळ फुटला. खोबरं माकडांनी पळवलं.

त्या दिवसापासून एक नवल घडू लागलं. काटा पूर्वीइतकाच असायचा, पण बाजार लवकर यायचा! जांभळाखालची सावलीची जागा आजवर शेजारच्या जंगलाला मिळायची. ती आता आपल्या प्राण्यांना मिळू लागली. बायजाक्का साळिंदर करवंदं विकायची. तिची पाटी आता दुपारच्या आतच रिकामी होऊ लागली.

"दगडोबाराव, काय हात आहे हो तुमचा!" ती म्हणायची. "पळवत नाही, तरी पोचवता!"

दगडोबाची छाती फुगायची. फक्त त्या वळणावर काहीतरी व्हायचं. एका बाजूची चाकं जमिनीवरून उचलली जायची. सगळे एकमेकांच्या अंगावर पडायचे. बायजाक्काशेजारी बसलेले तर मोठ्यानं रडायचे.

'पाटी वीस, काटा वीस,' दगडोबा मनाशी म्हणायचा, 'मग जीप कलंडते का?'

शेवटी तो वानरमिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं चाकं पाहिली आणि डोकं खाजवलं.

"अहो, मीटर काही रस्ता मोजत नाही. चाक किती वेळा फिरलं, तेवढंच त्याला कळतं. उंदराची दहा पावलं आणि हत्तीची दहा पावलं सारखी होतील का? तुम्ही चाकं मोठी केलीत, पण मीटरला कुणी सांगितलंच नाही. ते बिचारं वीस म्हणतं तेव्हा जीप तेवीस-चोवीसनं पळत असते."

दगडोबानं विचारलं, "मग जुनी चाकं लावू?"

"आबाजी शिंगावर घेतील. त्यापेक्षा मीटर सुधारू."

मीटरच्या वायरच्या टोकाला एक चिमुकलं दातेरी चाक होतं. मिस्त्रीनं ते काढलं आणि कमी दात्यांचं बसवलं. "घ्या. आता काटा खरं बोलेल."

पुढच्या बाजाराला दगडोबानं काटा वीसवर ठेवून वळण घेतलं. कुणी कुणाच्या अंगावर पडलं नाही. बायजाक्काच्या शेजारचा ससा तर चक्क झोपला.

पण बाजार उशिरा आला. सावली गेली होती. करवंदं उन्हात सुरकुतली. संध्याकाळी सभा भरली.

"कमी वेगात लवकर जाणारी जीप होती आपली," बायजाक्का म्हणाली. "आता त्याच वेगात उशिरा जाते. त्या माकडानं मीटर बिघडवलं!"

"अहो, तेव्हा आपण जोरात जात होतो," दगडोबा म्हणाला.

"काटा किती दाखवत होता?"

"वीस."

"मग?"

दगडोबानं विषय बदलला. "आपण जरा लवकर निघू या का? उजाडताना?"

"उजाडताना?" बायजाक्कानं काटे फुलवले. "आणि चहा काय जीपमध्ये उकळू?"

तेवढ्यात पिराजी कोल्हा नम्रपणे उठला. "दगडोबारावांचं आता वय झालं. विश्रांती घ्यावी त्यांनी. जीप मी चालवीन. मला तर मीटरकडे बघायची सवयसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. दगडोबाला मधमाश्या आठवल्या. पडसं आठवलं.

"थांबा, थांबा," तो घाईनं म्हणाला. "जुनं दातेरी चाक आजच बसवून घेतो."

पण मनात त्यानं एक बेत केला. काटा खोटं बोलतो हे आपल्याला ठाऊक आहे ना? मग वळणावर काटा सतरावरच ठेवायचा. म्हणजे खरे वीस होतात. जीपही राहील आणि जीवही राहील.

पुढच्या बाजाराला वळण आलं. दगडोबानं काटा सतरावर आणला. मागून बायजाक्काची मान पुढे आली.

"काटा सतरावर का हो?"

"वळण आहे, बायजाक्का."

"पाटीवर वीस लिहिलंय. आमचे तीन कुठे गेले?"

"बरोबर आहे!" आबाजी गरजले. "पाटी जंगलानं लावलीय. जंगलाच्या हक्काचे तीन असे सोडायचे नाहीत!"

"जमत नसेल तर सरा बाजूला," पिराजी गोड आवाजात म्हणाला. "मी देतो सगळ्यांना वीस."

दगडोबानं वळणाकडे पाहिलं. मग पिराजीकडे पाहिलं. आणि भर वळणात पाय दाबला.

काटा वीसवर गेला. जीप डबक्यात गेली.

कुणाला फारसं लागलं नाही. चिखल मऊ होता. बायजाक्कावर पडलेले दोघे-तिघे तेवढे ओरडत होते. जीपची मोठी चाकं आभाळाकडे तोंड करून फिरत होती. लांबून फार रुबाबदार दिसत होती म्हणे.

आबाजींनी चिखलातून डोकं वर काढलं. पहिला प्रश्न विचारला, "काटा कितीवर होता?"

"वीसवर!" सगळे एका सुरात म्हणाले. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग वेगाचा प्रश्नच मिटला. दगडोबाचीही चूक नाही. जीप त्याच्याकडेच राहील."

दगडोबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण आपली जागा वाचली, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं तोंड मिटलं. तोवर थोडा चिखल आत गेला होता.

"मग चूक कुणाची?" बायजाक्कानं विचारलं.

सगळ्यांनी मान वर करून टेकडीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जंगल कुदळी-फावडी घेऊन टेकडीवर गेलं आणि वळण सरळ करायला लागलं. दगडोबा सगळ्यांच्या पुढे खणत होता.

तात्पर्य : मीटर सुधारायला घेतलं की भांडणं होतात. टेकडी सुधारायला घेतली की सगळं जंगल एक होतं. म्हणून मुलांनो, ज्यांना एकी हवी असेल त्यांनी नेहमी टेकडीच सुधारायला घ्यावी.