जब्बारचाचांचा हातब्रेक

जीप उभी करताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा प्रश्न विचारणारा माणूस आमच्या दारव्ह्यात एकच, जब्बारचाचा. त्यांची सवारीची जीप घरासमोर थांबली की ते ब्रेकवर पाय गच्च दाबून धरायचे, मान बाहेर काढायचे आणि ओरडायचे, "लगा क्या?" मागून हमीदाचाची, म्हणजे त्यांची बायको, चाकाखाली दगड सरकवून तेवढ्याच जोरात उत्तर द्यायची, "लगा!" मग चाचा पाय काढायचे. मागं वळून बघायचेसुद्धा नाहीत.

कारण जीपला हातब्रेक नव्हता. म्हणजे दांडा होता, पण त्याचा उपयोग पानाची पिशवी अडकवायला. गिअरचाही काही भरवसा नाही. एका टोकाला चाचांचा पाय आणि दुसऱ्या टोकाला चाचीचा दगड, एवढ्यावर ती जीप दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर चालायची. दगड लहानशा कोहळ्याएवढा. अंधारात दिसावा म्हणून चाचीनं त्याला चुना फासलेला.

शेजारचा मेकॅनिक हातब्रेक फुकटात करून द्यायला तयार होता. पण चाचांचं ठरलेलं उत्तर, "चालून राह्यलं ना बाप्पा? मंग कायले हात लावतं?" हे उत्तर ते सगळ्यालाच द्यायचे. हलणाऱ्या दातालाही आणि गळणाऱ्या छपरालाही.

ती वर्षं कापसाला भाव नसलेली. आमच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा बंद पडला होता. मी तिथला मुनीम, म्हणून घरी बसलेला. बाजाराच्या दिवशीही चाचांची जीप अर्धी रिकामी धावायची. तशात चाचीच्या छातीत कळ आली, अ‍ॅम्बुलन्सनं नागपूरला न्यावं लागलं, ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचरवर घेताना ती चाचांचा हात सोडेना. "वापस आऊँगी तो अपनी गाडी में," एवढंच म्हणाली. चाचांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आता दगड कोण लावणार? "चाल मुनीम, तसाही रिकामाच हायेस," म्हणून त्यांनी मला जीपमध्ये घातलं. वीस वर्षं हिशेब लिहिले, पण त्या दगडानं माझी जी परीक्षा घेतली ती कोणत्या शेठनं घेतली नाही. मी "लगा!" म्हणालो की हे विचारायचे, "नीट? हलवून पाह्य. लाथ मारून पाह्य." मग पाय असा काढायचे, जसं काही मी त्यांची जीप दरीतच लोटणार आहे. राग यायचा हो! पण बोलणार काय?

चाचीला सुट्टी मिळाली त्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. दवाखान्याच्या गल्लीत वॉचमननं कडुनिंबाखालची जागा दाखवली, तिथं गाड्या लावायचा बोर्डही होता. मी दगड लावला, परीक्षा दिली, वर गेलो. चाची नवी ओढणी घेऊन पलंगावर तयार बसलेली. "दोन मिन्टात गाडी दरवाज्यात आणतो," म्हणत चाचा उड्या मारत खाली आले.

जीप नव्हती. दगड तेवढा होता.

चहावाल्यानं सांगितलं, क्रेन घेऊन गेली. मी दगड उचलायला वाकलो तर चाचा ओरडले, "हात नको लावू! त्याले तिथंच राहू दे."

वाहतूक ऑफिसात साहेबांसमोर पावती होती. गाडी दवाखान्याच्या गेटासमोर आडवी, म्हणून उचलली. मी म्हणालो, दंड भरू आणि सुटू. तर पैसे घ्यायची खिडकी त्या दिवसापुरती बंद. म्हणजे गाडी उद्या. पावतीच चुकीची ठरली तरच आज मिळणार. तिकडं दवाखान्यात चाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि चाचांच्या कपाळावरचा घाम थांबेना.

"साहेब, माह्याकडं साक्षीदार हाये," चाचा म्हणाले.

"कोण?"

"दगड."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"गाडी जिथं, दगड तिथं. माह्या गाडीले हातब्रेकच नाही ना!" चाचा अभिमानानं म्हणाले. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. "चिमटे कायले घेऊन राह्यला बे? खरं तेच सांगून राह्यलो."

"हातब्रेक नाही?" साहेबांनी पेन उचललं. "मग त्याचीही पावती फाडतो."

झालं! एक पावती रद्द करायला आलो अन् दुसरी ओढवून घेतली. मी मनात म्हटलं, आता चाची चार दिवस नागपूरलाच.

पण साहेबांनी आधी शिपायाला आमच्याबरोबर गल्लीत पाठवलं. पांढरा दगड कडुनिंबाखाली होता तसाच. बाजूला आमच्या जीपचं गळलेलं तेल. चहावाला म्हणाला, "गेटासमोरची गाडी मालक घेऊन पळाला. क्रेनवाल्या पोट्ट्यांनी मंग हीच उचलली." शिपायानं पुरावा म्हणून दगड उचलला आणि छातीशी धरून, धापा टाकत ऑफिसात आणला. साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा काचेवर चुना सांडला.

साहेबांनी पावतीवर काट मारली. माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "चाचा, हातब्रेक काहून नाही करत? तुमचा जीव जाईल एखाद दिवशी."

 चाचांनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, आमची एकुलती एक पोरगी लगन होऊन गेली, तवा ही घरात नुसती भिंतीकडं पाहत बसे. बोलेच ना. हातब्रेक तुटला म्हणून एक दिवस संगं घेतली, दगड लावाले. तवापासून रोज येऊन राह्यली, बोलून राह्यली. हातब्रेक झाला, तर ती म्हणन, माह्यं काय काम आता? अन् परत घरी बसन."

मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहतो. मला हे माहीत नव्हतं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "जा. बाई वाट पाहत असतील. सावकाश न्या."

चाचांनी जीप दवाखान्याच्या दारात अशी आणली जशी वरात आणतात. डॉक्टरनं वाकायला आणि जड उचलायला मनाई केलेली, म्हणून चाची पुढं बसली. यवतमाळ येईपर्यंत तिनं शिपाई आणि दगडाची गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि तिन्ही वेळा पोट धरून हसली. "हळू, टाके दुखतील," चाचा म्हणत होते आणि स्वतःच खिदळत होते. मीही खूप दिवसांनी मोकळा हसलो.

दारव्ह्याला पोचलो. घरासमोर थोडा उतार आहे. जीप थांबली तसा मी दगड घेऊन मागून उतरलो. चाचांनी ब्रेक दाबला, मान बाहेर काढली. "लगा क्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरून, मागं न बघता, चाची ओरडली, "लगा!"

आणि चाचांनी पाय काढला. दगड अजून माझ्या हातात होता.