आधी उत्तर, मग प्रश्न

आमचे गुंडाप्पा अण्णा आधी उत्तर सांगत आणि मग प्रश्न विचारत.

निजामी मुलखाच्या सरहद्दीवर आमचा नाका होता. अण्णा तिथले थोरले मुनशी, मी धाकटा. निजामीच्या शेवटच्या त्या गडबडीच्या वर्षी वरून हुकूम आला, की आसपासच्या गावांतल्या माणसांनाच पलीकडे सोडा. बाकीच्यांकडे परवाना नसेल तर माघारी धाडा. माणसं तर जीव मुठीत धरून कुठून कुठून यायची. कोण जवळचा आणि कोण लांबचा, हे गावाच्या खाणाखुणा विचारून ठरवायचं.

अण्णांची चौकशी अशी चाले.

"राजेश्वर गावचीच ना तुम्ही?"

"व्हय."

"वेशीत चिंच हाय, खाली फुटका पार. बरं, आता सांगा, वेशीत कशाचं झाड हाय?"

"चिंचेचं."

"शाब्बास! जाऊ द्या ह्यांना." मग माझ्याकडे वळून, "गोविंदराव, चौकशी म्हंजे चौकशी!"

आमचं दप्तर खरं मानलं, तर दोन महिन्यांत अख्खं राजेश्वर तीनदा रिकामं झालं होतं. मी काटेकोर माणूस. म्हातारा भोळसट आहे, असं म्हणून मी आतल्या आत चिडायचो. खोटं कशाला बोलू, वर तक्रार करायचंही मनात येऊन गेलं होतं.

एका सकाळी हैदराबादेहून नवे दरोगा तपासणीला आले. दप्तर चाळून त्यांनी भुवया चढवल्या. "मुनशी, आज तुम चुप बैठो. सवाल हम पूछेंगे."

तेवढ्यात कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई आली. पाय अनवाणी, रक्ताळलेले. फार लांबून आली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. राजेश्वरचं नाव सांगावं, हे एव्हाना वाटेवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तिनेही तेच सांगितलं. दरोगांनी अण्णांच्याच हातची प्रश्नोत्तरांची वही उघडली.

"वेस में कौनसा झाड है?"

 बाईने केविलवाणं अण्णांकडे पाहिलं. अण्णांना तर तोंड उघडायची बंदी. त्यांनी सावकाश भाकरीचं फडकं सोडलं, आतली चिंच काढून जिभेवर ठेवली आणि असं काही तोंड वेंगाडलं, की लेकरूसुद्धा रडायचं थांबलं.

"चिंचेचं," बाई म्हणाली.

दरोगांनी वहीतलं उत्तर ताडून पाहिलं, वही मिटली आणि बाईला सोडलं. राजेश्वर कुठल्या दिशेला आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं.

ते जेवायला गेल्यावर मी अण्णांना गाठलं. "अण्णा, कामून करायलात हे? नोकरी गेली असती की!"

"माझी सुभद्रा हळ्ळीखेडला दिली होती," अण्णा म्हणाले. "गडबडीत सासरच्यांसंगं निघाली अन् गर्दीत एकटी मागं ऱ्हायली. दुसऱ्या एका नाक्यावर तिला गावाच्या खुणा इचारल्या. लेक घाबरून मुकी झाली. कुणी सांगितलं न्हाई तिला. माघारी धाडली. तवापासून पत्ता न्हाई."

मला माझ्या काटेकोरपणाची लाज वाटली.

बाई नाक्याच्या रांजणापाशी लेकराला पाणी पाजत होती. अण्णा तिच्याजवळ गेले. डोईचा पटका काढून त्यांनी हातात घेतला.

"अक्का, मागल्या वाटेला हळ्ळीखेडची कुणी सुभद्रा दिसली का गं तुला?"

उत्तर न सांगता अण्णांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न मी ऐकत होतो. बाईने मान खाली घातली. अण्णा तरी उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.