तात्यांचे पळणारे उंदीर

रविवार, सकाळी साडेनऊ. हजर : तात्या, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा संदीप, शेजारीण म्हणून मी आणि बेचाळीस पांढरे उंदीर.

तेलगावात उंदीर मारणारे घरोघरी आहेत. उंदरांच्या सोयरिकी जुळवणारे तात्या एकटेच. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून शिपाई म्हणून निवृत्त होताना तिथले चार नकोसे उंदीर त्यांनी घरी आणले. आता प्रत्येक पिंजऱ्यात टेबलफॅनच्या जाळीचं चाक आहे आणि बाहेर जुना कॅल्क्युलेटर. चाकाची फेरी झाली की आकडा एकाने वाढतो. जे सगळ्यांत जास्त पळतात, त्यांचीच आपसात लग्नं.

"आमचे आबा मेंढा असाच निवडायचे," तात्या सांगतात. "चाल बघायची, शिंगं न्हाई."

समोरच्या फळीवरच्या उंदरांची लग्नं मात्र चिठ्ठ्या टाकून होतात. तुलनेला कुणीतरी साधं पाहिजे ना! इतक्या पिढ्यांनंतर निवडलेले उंदीर चिठ्ठीवाल्यांना केव्हाच मागे टाकून गेलेत. चाक काढलं तर ते पिंजऱ्याच्या जाळीवरच वरखाली चढत राहतात.

स्वतः तात्या मीठ आणायलाही हलत नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी तक्ता करून भिंतीला लावला. तीन आठवडे कोरा.

"तात्या, चालत का नाही?"

"आबांचं चालणं धाकट्या भावात उतरलं, ताई. मी चिठ्ठीतला उंदीर हाय."

"चिठ्ठीतले उंदीरही चार पावलं टाकतात."

"मग त्यांनाच लावा की तुमचा तक्ता!"

संदीपने फोनवर बजावलं होतं : रविवारपर्यंत वॉकरशिवाय चालला नाहीत तर पुण्याला चला. फ्लॅटमध्ये उंदीर चालणार नाहीत. आज तो आला, कोरा तक्ता बघितला आणि बोलत बोलत पिंजरे उचलून बाहेर पायरीवर ठेवू लागला.

"तात्या, काय एवढं त्या खडखडाटात? झोप तरी लागते का तुम्हाला?"

तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "त्यानंच लागती. तुझी आई गेल्यापासून घरात पाऊल वाजत न्हाई. अंधार पडला, ह्यांची चाकं फिरू लागली, की वाटतंय कुणीतरी सैपाकघरात हाय."

संदीप हातातला पिंजरा धरून दारातच थांबला. मग, काय करावं न सुचून, तोही उन्हात ठेवला.

"उन्हात कशाला ठेवतो रे, लेका? त्यात पिल्लं हायत!"

तात्या उठले. वॉकर जागेवरच राहिला. अकरा पावलं, मी मोजली. उंबरठ्यावर चौकट धरून थांबले. पुढे दोन उंच पायऱ्या.

"हितनं पुढं न्हाई जमायचं," ते म्हणाले.

संदीपने पिंजरे एकेक करून आत आणले. मग माझ्या शिवणाच्या पिशवीतली टेप मागून घेतली आणि उकिडवा बसून पायऱ्या मोजायला लागला. मी वहीत लिहिलं : कठड्याला पाइप आणणे. वेल्डरला सांगणे.

पाइप आलाय. वेल्डर आज येतो, उद्या येतो म्हणतोय. तो आला का, हे बघायला तात्या रोज चार-पाचदा दारापर्यंत जातात. कठडा अजून बसलेला नाही.