अळंब्यांखालची श्टेपांका

ज्या घरात हवा कोरडी, त्या घरात साप सुखी नसतो. आणि ज्या घरात साप सुखी नसतो, त्या घरी सर्पपालक मंडळाची तपासणी येते. चेक देशातल्या पार्दुबित्से शहराच्या मंडळाने हे आपल्या नियमावलीच्या पहिल्याच कलमात नमूद केले आहे. (नियमावली बेचाळीस पानी. एकेचाळीस पाने दमटपणावर, एक प्रेमावर.)

या नियमावलीनुसार निवृत्त टपाल कारकून अल्बीन यांना श्टेपांका नावाची, उजेडात सात रंगांनी चमकणारी बोआ सापीण सहा महिन्यांच्या बोलीवर मिळाली होती. अटी तीनच. पेटीतला दमटपणा ऐंशी टक्क्यांखाली जाऊ नये, कात अखंड उतरावी आणि प्राणी माणसाळलेला असावा. एकही अट हुकली की श्टेपांका दुसऱ्या सभासदाकडे. अल्बीनचा तिच्यावर भारी जीव. घरात त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच. (सापाला कान नसतात, हा तपशील अल्बीन मनाला लावून घेत नसत.)

ऑक्टोबरात घरोघरी रेडिएटर तापले आणि दमटपणा शेहेचाळीसवर आला. अल्बीननी कंबर कसली. दिवसातून नऊ वेळा फवारा, पेटीत ओलं शेवाळ, घरात खिडकी उघडायला सक्त मनाई. परिणाम समाधानकारक होता: भिंतीला बुरशी आली, अल्बीनना सर्दी झाली, पेटी तेवढी कोरडीठाक राहिली. त्यातच श्टेपांकाचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली. बोलीची शेवटची तपासणी पुढच्या बुधवारी होती.

अशात रानातून दोन टोपल्या अळंब्या घेऊन सासूबाई ब्लाझेना आल्या. त्या मुलखात कुठलीही ऊबदार, सपाट वस्तू अळंब्या वाळवण्यासाठीच निर्माण झालेली असते. (रेडिएटर, कपाट, एकदा तर तापाने फणफणलेल्या मेहुण्याचं पांघरूण.) दिव्याने तापलेलं पेटीचं जाळीचं झाकण बघून त्यांनी कुणाला न विचारता त्यावर काप पसरले.

"आई, ही सापाची पेटी आहे."

"मग? तिला अळंब्या वर्ज्य आहेत? नाताळचा अळंब्या-जवाचा कुबा काय तुमच्या फवाऱ्याचा करू?"

काप उचलायला गेलेल्या अल्बीनची नजर पेटीतल्या दमटपणाच्या मापकावर पडली. शहाऐंशी. ओल्या कापांनी जाळीची भोकं बुजली होती आणि आत छान वाफ कोंडली होती. दोन दिवसांत श्टेपांकाने नाकापासून शेपटीपर्यंत कात मोज्यासारखी उतरवली. अल्बीन चक्क रडले.

तिसऱ्या दिवशी काप बुळबुळीत झाले आणि सासूबाई ते काढायला निघाल्या. अल्बीननी हात जोडले. "बुधवारपर्यंत राहू द्या हो."

"मग रोज ताज्या अळंब्या लागतील. पहाटे पाचला माझ्याबरोबर रानात यायचं, टोपल्या तुम्ही उचलायच्या, चिरायचं तुम्ही. आणि वाटेत टपाल खात्याच्या गोष्टी सांगायच्या नाहीत."

"नाही सांगत," अल्बीन म्हणाले.

बुधवारी तपासनीस होरालोवाबाई आल्या. दमटपणा शहाऐंशी, कात अखंड. मग त्यांनी माणसाळलेपणाचा तक्ता काढला: दिलेलं मुकाट्याने खातो का, हाताळल्यावर अंग आखडतो का, डिवचल्यावर फुत्कारतो का, वगैरे.

"जावईबापू, टोपल्या," आतून आवाज आला. अल्बीन उठले, टोपल्या ठेवून आले. "चाकू तसाच ठेवलाय." ते गेले, चाकू धुऊन आले. "आणि कालचं उरलंय ते संपवा." ते उभ्यानेच संपवून आले. आल्यावर सवयीने म्हणाले, "छान होतं."

होरालोवाबाईंनी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या.

"प्राणी उत्तम माणसाळलेला आहे," त्या म्हणाल्या. "आता साप काढा."

साप बाईंच्या गळ्यात पडल्या पडल्या पेंगू लागला. श्टेपांका कायमची अल्बीनची झाली. (मंडळाने यंदा तपासलेली घरं एकशे चौदा. माणसाळलेले साप एकसष्ट. माणसाळलेले पालक एकशे चौदा.)

आणि तुम्ही फार हसू नका. हे वाचताना मघाशी स्वयंपाकघरातून हाक आली, तेव्हा पानात बोट घालून उठलात ना? मंडळाच्या तक्त्यात त्याला पूर्ण गुण आहेत.