एकाच डोंगराचे नऊ नमुने

घोन्सालविस सरांना दुबई मरीनातल्या कुठल्याही चकचकीत टॉवरमध्ये न्यायची मला धास्ती वाटते. लिफ्ट येईपर्यंत ते लॉबीत गुडघे टेकतात, खिशातलं भिंग काढतात आणि फरशी तपासतात. मागच्या वेळी सिक्युरिटीवाला धावत आला. त्याला वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. सर वर न बघता म्हणाले, "हबीबी, ये संगमरवर नहीं है. किसी ने आपको फसाया."

सर मूळचे वसईचे, भूगर्भशास्त्रज्ञ. उत्तरेकडच्या डोंगरांत क्रोमियम, निकेल असे मोलाचे धातू शोधायचं सरकारी सर्वेक्षण चालू आहे, त्यात आम्ही दोघं कामाला. ते डोंगर चढून दगडांचे नमुने आणतात, मी शारजातल्या ऑफिसात बसून नकाशावर त्यांचे ठिपके मांडते.

कशालाही त्यांचं एकच उत्तर: "आधी सॅम्पल घेऊ." मिठाईच्या दुकानात चार सॅम्पल खाऊन ते पाव किलो पेढे घेतात. मला स्थळ आलं तेव्हा म्हणाले, "बाय, मुलाला जेवायला बोलाव. आधी सॅम्पल घेऊ."

मागच्या महिन्यात नकाशावर मला एकाच जागी नऊ ठिपके दिसले. नऊही नमुन्यांत धातूचा पत्ता नाही.

"सर, इथे काहीच नाही, तरी नऊ वेळा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "उद्या चल माझ्याबरोबर. तिथली शेवटची फेरी आहे. टीम पुढच्या डोंगरावर जाणार."

गेलो, तर तिथे एक दगडी खोपटं, पाचसहा शेळ्या आणि सालेम नावाचा म्हातारा. त्यानं न विचारता चहा ठेवला. सर चटईवर टेकले आणि चक्क मराठीत बोलू लागले. रीटाबद्दल, म्हणजे गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या बायकोबद्दल. शेवटी शेवटी तिला फक्त सरांच्या हातची पेज चालायची, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. सालेम मान हलवत होता. मग तो अरबीत काहीतरी सांगत राहिला आणि सर मान हलवत राहिले.

"कळतं तुम्हाला?" मी हळूच विचारलं.

"नाही. त्यालाही माझं कळत नाही. लेकीला फोन केला की ती म्हणते, डॅड, मूव्ह ऑन. हा तसं म्हणत नाही."

येताना गाडीत त्यांनी दोन शब्द घोकले होते: बुकरा माफी. बुकरा म्हणजे उद्या, माफी म्हणजे नाही. निरोपापुरतं एवढंच अरबी त्यांना जमणार होतं. निघताना त्यांनी सालेमचा हात धरला. "बुकरा..." म्हणाले, पण 'माफी' काही म्हणाले नाहीत.

सालेमचा चेहरा उजळला. "बुकरा, इन्शाल्ला," म्हणत तो गाडीपर्यंत सोडायला आला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. शारजाची गॅरेजं दिसायला लागली तेव्हा सर म्हणाले, "बाय, रजेचा अर्ज आज दिला तर उद्याची सुट्टी मिळेल का?"

"कारण काय लिहू?"

"काहीही लिही. तो चहा ठेवून बसेल."